अडलेला कॅमेरा : एका कुलपाचा इतिहास आणि घरगुती दुरुस्तीचा क्रम

१/
जुन्या कॅमेऱ्याची तरफ अर्ध्यावर अडते, खटका दाबला जात नाही, आणि घरात निकाल दिला जातो : कॅमेरा जाम झाला. त्यानंतरची पायरी बहुधा जोर लावण्याची असते. या धाग्याचे म्हणणे असे, की पुष्कळदा असा कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याला नेमून दिलेले काम तो करत असतो. हे काम कोणते, ते त्याच्याकडे कधी आणि का आले, हे समजले म्हणजे दुरुस्ती कुठून सुरू करावी आणि कुठे हात आवरावा, हेही समजते.

२/
छायाचित्र घेणाऱ्या यंत्राला मुळात तीन कामे करावी लागतात. फिल्मचा कोरा भाग भिंगामागे आणणे, शटरची स्प्रिंग ताणणे आणि ताणलेले शटर सोडणे. जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात ही कामे तीन स्वतंत्र अवयवांकडे होती. दोरी ओढली की शटर ताणले जाई, चावी फिरवली की फिल्म सरके, बटण दाबले की चित्र टिपले जाई. एका अवयवाला दुसऱ्याची खबर नसे.

३/
त्या कॅमेऱ्यात १०० चित्रांची फिल्म कारखान्यातूनच भरून येई आणि त्याची किंमत २५ डॉलर होती. फिल्म संपली की ग्राहक अख्खा कॅमेरा अमेरिकेतील रॉचेस्टर येथे परत पाठवी. तेथे १० डॉलरमध्ये चित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत केला जाई. म्हणजे कॅमेरा उघडणे हे मालकाचे काम मानलेच नव्हते. 'आत काय आहे ते आपल्याला कळायचे नाही' ही भावना आपल्या मनात आजही असते. तिचे मूळ या व्यवस्थेत बरेच खोलवर सापडते.

४/
अवयवांना एकमेकांची खबर नसण्याचा एक तोटा होता. फिल्म पुढे सरकवायची विसरली की एकाच जागी दोन चित्रे उमटत. एकावर एक चित्र पडण्याचा उपयोग काहींनी धंद्यासाठीही करून घेतला. काचेच्या पट्ट्यांच्या काळातच विल्यम मम्लर हा अमेरिकी छायाचित्रकार ग्राहकांच्या चित्रात त्यांच्या मृत आप्तांची धूसर आकृती दाखवून देत असे. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि तो सुटला. सामान्य घरात मात्र दुहेरी चित्र म्हणजे वाया गेलेले चित्र, आणि फिल्म महाग होती.

५/
ही जुनी, सुटी रचना आपल्याकडील पुष्कळ घरांनी पाहिलेली आहे. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक ३ आठवावा. त्यात एका रोलवर बारा चौकोनी चित्रे येत. पाठीमागच्या लहानशा लाल खिडकीतून कागदावरचा आकडा पाहत फिल्म हाताने पुढे न्यायची आणि खटका दाबायचा. फिल्म नेली की नाही याची विचारपूस तो कॅमेरा करत नसे. विसराल तर काकांच्या अंगावर मावशी उमटायची. पण म्हणूनच हा कॅमेरा 'जाम' होण्याचे प्रसंगही कमी. अडवणारे कुलूपच त्यात नव्हते.

६/
कुलूप आले ते दुसऱ्या वाटेने. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्स कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा यंत्रज्ञ होता. १९१४ च्या सुमारास त्याने चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा एक लहान कॅमेरा घडवला. चित्रपटाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरची चौकट त्याने घेतली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यातून धावलेली फिल्म याच रुंदीची. चित्रपटाची फिल्म अशा रीतीने स्थिरचित्राच्या कॅमेऱ्यात आली.

७/
या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. एका स्थिरचित्रासाठी फिल्म बरोबर आठ छिद्रे पुढे जावी लागते. छिद्रांत अडकणारे दाते ज्या दंडावर बसवलेले असतात, तो दंड ठरावीक अंतर फिरला की पुढची कोरी चौकट जागेवर आली, हे यंत्राला 'कळते'. लाल खिडकीतून आकडा पाहण्याची गरज संपते. १९२५ च्या लायप्झिग येथील वसंत जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला, तेव्हा त्यात फिल्म सरकवणे आणि शटर ताणणे ही दोन कामे एकाच गोल मुठीला जुंपलेली होती.

८/
जुंपलेली, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. एका जुवाखालच्या दोन बैलांपैकी एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावे लागते. फिल्म सरकत नसेल तर शटर ताणले जात नाही. शटर ताणलेले असेल तर ते सुटेपर्यंत फिल्म पुढे जात नाही. पुढच्या काळातील बहुतेक कॅमेऱ्यांत, तरफ पूर्ण फिरल्याखेरीज खटकाही दबत नाही. दुहेरी चित्र टाळण्यासाठी घातलेले हे बंधन म्हणजेच ते कुलूप. आपण ज्याला जाम म्हणतो, त्यातील मोठा वाटा या बंधनाचा असतो.

९/
ही रचना झपाट्याने पसरली. १९३२ साली ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने धातूच्या पट्ट्यांच्या शटरचा कॉन्टॅक्स आणला. १९३४ च्या सुमारास खारकीव्ह येथे, निराधार मुलांसाठी उभारलेल्या श्रमवसाहतीत लायकाची नक्कल असलेला 'फेद' कॅमेरा मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये मुठीच्या जागी तरफ आली. १९५९ च्या निकॉन एफमध्ये या साखळीत आरशाचीही भर पडली. साखळीत कड्या वाढल्या, तशा अडण्याच्या जागाही वाढल्या.

१०/
म्हणून दुरुस्तीआधी निदान. अडण्याचे तीन प्रकार करता येतात.
पहिला : कुलूप आपले काम करत आहे. फिल्म संपली आहे, तरफ अर्धवट फिरली आहे, किंवा स्वयंचलित खटक्याची कळ अर्ध्यावर राहिली आहे.
दुसरा : फिल्मला अपघात झाला आहे. छिद्रे फाटली आहेत, किंवा तुकडा दात्यांत अडकला आहे.
तिसरा : यंत्राला वय झाले आहे. वंगण घट्ट झाले, स्प्रिंग तुटली, किंवा कुठे गंज चढला.
पहिल्या प्रकारावर उपाय करायला पेचकस लागत नाही.

११/
पहिल्या प्रकाराचे एक प्रसिद्ध उदाहरण १९७६ च्या कॅनन एई-१ चे आहे. या कॅमेऱ्यात सूक्ष्मप्रक्रियक होता आणि शटर सोडण्याचे काम विद्युतचुंबकाकडे गेले होते. परिणामी सेल संपला की ताणलेले शटर सुटत नाही, आणि शटर सुटत नाही म्हणून तरफही हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा पुरता अडलेला कॅमेरा वाटतो. ६ व्होल्टचा नवा सेल घातल्यावर तो चालू लागण्याची शक्यता बरीच असते. केवळ यांत्रिक कॅमेऱ्यांत सेल प्रकाश मोजण्यापुरता असतो. तेथे हा उपाय चालत नाही.

१२/
आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : आत फिल्म आहे का? कारण कुलूप यंत्रासाठी घातलेलेच नव्हते, ते फिल्मच्या रक्षणासाठी होते. अडलेला कॅमेरा हा पुष्कळदा अर्ध्यावर थांबलेला रोल असतो. त्यावर टिपलेली चित्रे डोळ्यांना दिसत नाहीत, पण ती असतात. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांत अत्यंत सूक्ष्म बदल झालेला असतो आणि रोल धुतल्यावर तो दृश्य होतो. तोवर ते चित्र सुप्त अवस्थेत वाट पाहते.

१३/
किती वर्षे वाट पाहू शकते? ११ जुलै १८९७ रोजी स्वीडनचा आंद्रे आणि त्याचे दोन सोबती, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रँकेल, हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. तिघे बर्फातून पायी चालत क्वितोया या निर्जन बेटावर पोहोचले आणि तेथेच मरण पावले. ६ ऑगस्ट १९३० रोजी एका नॉर्वेजियन मोहिमेला त्यांचा तळ सापडला. त्या सामानात स्ट्रिंडबर्गने घेतलेल्या चित्रांची न धुतलेली फिल्म होती. ती ३३ वर्षे बर्फात पडून होती.

१४/
स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने ती फिल्म धुतली. सुमारे २४० चित्रांपैकी ९३ वाचली. त्यांत बर्फावर आडव्या पडलेल्या फुग्याकडे पाहणारे दोन सोबती दिसतात. तो कॅमेरा पुन्हा चालला की नाही, याची विचारणा कोणी केली नाही. मोलाची वस्तू कोणती, हे तेथे कोणाला सांगावे लागले नव्हते. घरातल्या कपाटात मात्र आपण नेमके उलटे वागतो. यंत्र चालते का हे पाहण्यासाठी भर उजेडात मागचे झाकण उघडतो, आणि उघडलेल्या भागातील सगळी चित्रे एका क्षणात जातात.

१५/
मराठी इतिहाससंशोधनाच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यामागे घरोघरच्या माळ्यांवरून, वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडून सोडवलेले कागद होते. अडलेल्या कॅमेऱ्यातील रोल हा गाठ न सोडलेला रुमाल समजावा. फरक एवढाच, की कागदाचा रुमाल चुकीच्या हाताने सोडला तरी कागद उरतात. येथे झाकण चुकीच्या वेळी उघडले तर काहीच उरत नाही.

१६/
म्हणून क्रम असा.
पहिली पायरी : रोल उलटा गुंडाळण्याची मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवून पाहावी. ताण जाणवला तर आत फिल्म आहे. नंतर आकडा पाहावा. तो २४ किंवा ३६ च्या आसपास असेल तर फिल्म संपली आहे, आणि तरफ अडणे हा त्याचा निरोप आहे. तळाशी असलेले लहान बटण दाबून रोल परत गुंडाळून घ्यावा. येथे जोर लावला तर छिद्रे फाटतात, किंवा फिल्मचे टोक डबीतून उपटून येते.

१७/
दुसरी पायरी : बोटांनी होण्याजोगे सगळे उपाय. अर्ध्यावर राहिलेली तरफ शेवटपर्यंत जाते का? खटक्याभोवती कडे असेल तर ते बंदच्या खुणेवर आहे का? वेगाची चकती दोन आकड्यांच्या मध्ये राहिली आहे का? स्वयंचलित खटक्याची कळ पूर्ण परत आली आहे का? सेलच्या जागी हिरवट पांढरी पूड जमली आहे का? यांतील प्रत्येक गोष्ट तपासावी. तपासताना काही तुटत नाही आणि केलेले सगळे परत फिरवता येते.

१८/
तिसरी पायरी : तरीही अडलेलेच असेल, तर आधी फिल्म सोडवावी, आणि ती अंधारातच. फटीतून प्रकाशाची रेघही येणार नाही अशी खोली रात्री निवडावी, किंवा छायाचित्रकार वापरतात ती काळी पिशवी घ्यावी. फोन बाहेर ठेवावा. चाचपडत झाकण उघडून डबी बाहेर काढावी आणि तिची खुंटी फिरवत फिल्म आत ओढून घ्यावी. क्लिक ३ सारख्या कागदी पाठीच्या रोलला उलटे गुंडाळणे नसते. तो शेवटपर्यंत पुढेच न्यायचा असतो.

१९/
हे अवघड वाटेल, पण या महाराष्ट्रात ते घरातच झालेले आहे. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' घडवला तेव्हा कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती हाताळण्याचे अंधारातले काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी जो चित्रपट पाहिला, त्यामागे दादरच्या घरातील अंधारात सरावलेले हात होते. आपल्याला करायचे काम त्याच्या शतांशानेही मोठे नाही. फक्त उजेड लावण्याची घाई नको.

२०/
सोडवलेला रोल अपारदर्शक डबीत, हवाबंद पिशवीत घालून शीतकपाटात ठेवावा आणि लवकरात लवकर धुवायला द्यावा. उष्णता आणि दमटपणा सुप्त चित्राला खातात. आंद्रेच्या फिल्मला बर्फ लाभले होते, आपल्या रोलला कोकणातले पावसाळे लाभलेले असतात. प्रयोगशाळेला फिल्मचे नाव सांगावे. कृष्णधवल फिल्म अधिक तग धरते. कोडाक्रोम रंगीत धुणारी अखेरची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होती आणि २०१० च्या अखेरीस तिनेही ते रोल घेणे थांबवले. तशी फिल्म निघाली तर आता ती कृष्णधवलच धुता येते.

२१/
आता यंत्राकडे. घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या भोवतीच शटर असते. त्यातले सर्वांत गाजलेले कॉम्पूर १९१२ साली म्युनिकच्या फ्रीड्रिख डेकेल यांच्या कारखान्यातून आले. आधीच्या कॉम्पाउंड शटरमध्ये संथ वेग हवेच्या नळकांड्याने साधला जाई. कॉम्पूरने त्या जागी घड्याळासारखी दातेरी चक्रे बसवली. नावातला शेवटचा भाग घड्याळ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आला आहे. म्हणून याची दुरुस्ती घड्याळजीच्या शिस्तीने करावी, सायकलवाल्याच्या नव्हे.

२२/
त्यातील मोठी चूक म्हणजे शिवणयंत्राचे तेल. पाती हलत नाहीत असे दिसले की दोन थेंब सोडण्याचा मोह होतो. पण शटरची पाती कोरडीच चालण्यासाठी बनवलेली असतात. तेलाचा थेंब पसरला की ती एकमेकांना चिकटतात आणि अडणे वाढते. घट्ट झालेले जुने वंगण काढायचे असते, त्यावर नवे घालायचे नसते. त्यासाठी सिगारेट लायटरमध्ये भरतात तो द्रव दातकोरणीच्या टोकाने, थेंबभरच लावतात. तो भडकन पेट घेतो. खिडकी उघडी असावी, जवळ शेगडी किंवा समई नसावी.

२३/
प्रत्येक घराण्याचा नियम वेगळा, हेही लक्षात ठेवावे. सोव्हिएत झोर्की कॅमेऱ्यात आधी शटर ताणायचे आणि मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केले तर आतील रचनेला इजा होऊ शकते. कॉम्पूरच्या १/५०० वेगाचे नेमके उलटे : तो वेग आधी ठरवायचा, मग शटर ताणायचे, कारण त्या वेगासाठी एक जादा स्प्रिंग कामाला लागते. एका कॅमेऱ्यावरचा अनुभव दुसऱ्याला लावणे, हे अडण्याचे एक मोठे कारण आहे. मूळ माहितीपुस्तिका मिळाली तर ती आधी वाचावी.

२४/
तळाची पत्री उघडायची असेल तर आधी फिल्म बाहेर काढलेली असावी. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे पेच जपानी मापाचे असतात. साध्या फुलीच्या पेचकसाने त्यांची डोकी झिजतात आणि मग ते निघतच नाहीत. प्रत्येक पेच काढण्याआधी फोनवर छायाचित्र घ्यावे आणि पेच अंड्यांच्या खोक्यात क्रमाने ठेवावेत. जेथे दोन दांडे एकमेकांना अडवून उभे दिसतील, तेथे धक्का देण्याऐवजी कोणता दांडा परत यायचा राहिला आहे ते शोधावे. बऱ्याचदा तेथे तो स्पंजाचा विरघळलेला चिकट तुकडा किंवा फाटक्या फिल्मचा कपटा निघतो.

२५/
आणि थांबण्याच्या जागा. कापडी पडद्याच्या शटरला बोट लावू नये. पडदा फाटला असेल, स्प्रिंग तुटली असेल, तर जाणत्या कारागिराकडे जावे. अंगचाच फ्लॅश असलेला कॅमेरा घरी उघडू नये. सेल काढल्यावरही त्याच्या संधारित्रात शेकडो व्होल्टचा विद्युतभार राहतो. जाणते कारागीर आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडे नेलेला कॅमेरा अर्धवट उघडलेला आणि तेल पाजलेला नसेल, तर त्यांचे काम पुष्कळ हलके होते.

२६/
घरी असा कॅमेरा असेल तर आज एवढेच करावे : झाकण न उघडता मूठ फिरवून ताण आहे का पाहावे, आणि असल्यास झाकणावर 'आत रोल आहे, उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी. कॅमेरा कोणाचा, कुठे घेतला, शेवटचा कोणत्या प्रसंगी वापरला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच चिठ्ठीवर लिहावे. दुरुस्ती पुढच्या महिन्यातही होऊ शकेल. सांगणारी माणसे आणि न धुतलेला रोल यांना तेवढी सवड असेलच असे नाही.

धागा समाप्त. आपल्या घरच्या कॅमेऱ्यातून जुना रोल निघाला आणि तो धुवून आला, तर त्यावर काय उमटले ते खाली अवश्य लिहावे.